तिकीट कोणी ठरवलं? सुरुवातीच्या अमेरिकेतली लोकल उमेदवारी कशी शोधायची आणि कशी वाचायची

सुरुवातीच्या अमेरिकेचं राजकारण वाचायला घेतलं की आपल्या वाट्याला कायम वॉशिंग्टन, हॅमिल्टन आणि जेफरसन एवढेच येतात, आणि असं वाटायला लागतं की वर दोन-तीन मोठ्या माणसांचं पटलं नाही म्हणून पक्ष झाले आणि मग ते खाली गावागावात पसरले. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. पक्षाची खरी बांधणी काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात, झाली, कारण तिथला प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. आपल्या विचाराचे तिघं उभे राहिले आणि समोरून एकच उभा राहिला तर आपण पडणार, मग आपल्यातला एक कोण हे मतदानाच्या आधी कुठेतरी बसून ठरवावंच लागणार. ते कुठे बसून ठरलं, कोणी ठरवलं आणि बाकीच्यांनी ते का ऐकलं, हे शोधता आलं की त्या काळची निवडणूक कळते, निकालाचा आकडा त्याच्या नंतर येतो.

बरं, हे घरबसल्या करता येतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका फुकट आहे, त्यात जुने पेपर पानागणिक स्कॅन केलेले आहेत. नेत्यांची पत्रं फाउंडर्स ऑनलाइनवर मिळतात. आणि मतांच्या आकड्यांसाठी ‘अ न्यू नेशन व्होट्स’ नावाचा डेटाबेस आहे, 1787 ते 1825 या काळातल्या निवडणुकांचा, अगदी शेरीफ आणि काउंटीच्या पदांपर्यंत. हा डेटाबेस मुळात फिलिप लाम्पी या एका माणसाच्या कष्टावर उभा आहे, त्याने 1960 च्या आसपास सुरुवात करून कित्येक दशकं जुन्या पेपरांतले निकाल हाताने वहीत उतरवून काढले, आणि पुढे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि टफ्ट्स युनिव्हर्सिटीने ते ऑनलाइन आणले. मला या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे, कारण त्याआधी या काळातल्या लोकल निवडणुकांबद्दल लोक बिनधास्त अंदाज ठोकून द्यायचे.

आधी राज्य आणि तारीख पक्की करा

ही पायरी टाळली तर पुढचं सगळं चुकतं. अमेरिकन राज्यघटनेत पक्ष हा शब्दच नाही, आणि काँग्रेसच्या निवडणुका कधी, कुठे आणि कशा घ्यायच्या हे पहिल्या कलमाच्या चौथ्या भागात राज्यांवर सोडलंय (काँग्रेस हवं तर बदलू शकते, पण सुरुवातीला तिने फारसं केलं नाही). त्यामुळे ‘अमेरिकेची निवडणूक’ अशी एक गोष्ट तेव्हा नव्हतीच. पेनसिल्व्हेनियात मतदान ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, न्यूयॉर्कमध्ये 1820 च्या सुरुवातीपर्यंत एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारपासून तीन दिवस, मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरची निवडणूक दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, आणि व्हर्जिनियात एप्रिलमध्ये पण काउंटीगणिक वेगळ्या दिवशी, साधारण कोर्टाच्या दिवशी, कारण त्या दिवशी लोक तसेही काउंटीच्या कोर्टहाऊसला जमायचे. अख्ख्या देशात प्रेसिडेंटच्या इलेक्टर्ससाठी (प्रेसिडेंट निवडायला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी) एकच दिवस असावा असा कायदा झाला तोच मुळी 1845 मध्ये. म्हणून उमेदवारीची नोटीस शोधताना आधी मतदानाची तारीख काढायची आणि तिथून साधारण दोन-तीन महिने मागे जायचं. नोव्हेंबर धरून बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

मग बघायचं मत कसं द्यायचे. व्हर्जिनियात असेंब्लीसाठी, म्हणजे राज्याच्या विधिमंडळासाठी, तोंडी मतदान, म्हणजे मतदार शेरीफसमोर उभा राहून मोठ्याने नाव सांगणार, क्लार्क ते वहीत लिहिणार, आणि उमेदवार तिथेच बसलेला असला तर उठून आभार मानणार. हे 1867 पर्यंत चाललं, केंटकीत तर 1891 पर्यंत. उत्तरेत बहुतेक ठिकाणी कागद. हा फरक उमेदवारीसाठी फार मोठा आहे. जिथे तोंडी मत आहे तिथे गावातल्या बड्या जमीनदाराने कोणाचं नाव घेतलं हे सगळ्यांना ऐकू येतं, त्यामुळे वेगळी बैठक घेऊन तिकीट ठरवायची गरज उशिरा पडली. जिथे कागद आहे तिथे कागदावर कोणाकोणाची नावं लिहायची हे कोणीतरी आधी सांगायला लागतं, आणि हे सांगणारी जी माणसं तोच लोकल पक्ष.

मतदार कोण होते हेही याच वेळी बघून घ्या. न्यूयॉर्कच्या 1777 च्या घटनेत असेंब्लीसाठी मत द्यायला 20 पौंडांची मालकीची जमीन किंवा वर्षाला 40 शिलिंगाचं भाडं भरणं पुरत होतं, पण गव्हर्नर आणि सिनेटसाठी 100 पौंडांची जमीन लागायची. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, दोन पदांना दोन वेगळे मतदार. पक्षाने असेंब्लीसाठी कोणाला उभं केलं आणि सिनेटसाठी कोणाला, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. पेनसिल्व्हेनियात कर भरला की मत होतं, आणि 1838 पर्यंत तिथे काही ठिकाणी स्वतंत्र काळे पुरुषही मत देत होते, त्या वर्षी नव्या घटनेने ते काढून घेतलं. न्यूयॉर्कने 1821 मध्ये गोऱ्यांची मालमत्तेची अट जवळजवळ काढली आणि काळ्यांसाठी 250 डॉलरची अट ठेवली.

न्यू जर्सीचं प्रकरण तर वेगळं वाचावं असं आहे. 1776 च्या घटनेत 50 पौंडांची मालमत्ता असलेले ‘सगळे रहिवासी’ असं लिहिलं होतं आणि 1790 च्या कायद्यात ‘तो किंवा ती’ असं स्पष्टच आलं, त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायका तिथे मत देत होत्या, आणि तिथल्या पक्षांना त्यांची मतं मागायला लागत होती. 1797 मध्ये एलिझाबेथटाउनच्या बाजूने बायकांची मतं विरोधात पडल्यामुळे जॉन काँडिक्ट हा रिपब्लिकन (म्हणजे जेफरसनच्या पक्षाचा) उमेदवार जेमतेम वाचला, आणि बरोबर दहा वर्षांनी, 1807 मध्ये, बायका आणि काळे यांचं मत काढणाऱ्या कायद्यासाठी पुढाकार घेणारा माणूस हाच. त्याच वर्षी, काउंटीचं कोर्टहाऊस नेवार्कला की एलिझाबेथटाउनजवळ या भांडणात दोन्हीकडून बेसुमार खोटं मतदान झालं होतं, ते कारण पुढे केलं गेलं. खोटं मतदान सगळ्यांनी केलं आणि हक्क गेला तो ज्यांच्या बाजूने बोलायला सभागृहात कोणी नव्हतं त्यांचा. मला हे दर वेळी वाचताना राग येतो.

पेपर कोणाचा आहे ते ओळखा

तटस्थ पेपर शोधायला जाऊ नका, 1800 च्या आसपास असा पेपर विरळाच. बहुतेक प्रिंटर कुठल्या तरी गटाचा, आणि छपाईच्या सरकारी कामावर त्याचं पोट. फिलाडेल्फियाची ‘ऑरोरा’ जेफरसनवाल्यांची (बेंजामिन फ्रँकलिनच्या नातवाने, बाशने, 1790 मध्ये काढलेली, पुढे विल्यम ड्युएनकडे आली), जॉन फेनोचं ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ फेडरलिस्टांचं, म्हणजे हॅमिल्टन-अ‍ॅडम्सच्या बाजूचं. एका शहरात दोन पेपर असतील तर दोन्ही उघडा, कारण एका बाजूची उमेदवारीची बैठक दुसऱ्या पेपरात एकतर दिसतच नाही किंवा ‘काही असंतुष्ट लोक जमले’ अशी दिसते, आणि दोन वर्णनं शेजारी ठेवली की खरं काय घडलं असेल ते लक्षात यायला लागतं.

अजून एक गोष्ट फायद्याची आहे. 1792 च्या टपाल कायद्याने प्रिंटर लोकांना एकमेकांना पेपर टपालाने फुकट पाठवता यायचे, त्यामुळे एका गावाची बातमी शंभर मैल लांबच्या पेपरात जशीच्या तशी छापलेली सापडते. तुमच्या काउंटीच्या पेपरचा अंक हरवलेला असेल तर शेजारच्या राज्यात शोधा. सर्च करताना एक अडचण येते ती म्हणजे 1800 च्या आसपासपर्यंत छपाईत लांब ‘एस’ वापरायचे, तो कॉम्प्युटर ‘एफ’ वाचतो, त्यामुळे ज्या शब्दात एस आहे तो शब्द एफ घालून पण शोधा. आणि नुसतं ‘नॉमिनेशन’ शोधून थांबू नका, ‘टिकिट’, ‘मीटिंग’, ‘इलेक्टर्स’, ‘डेलिगेट्स’, ‘कमिटी’ असे शब्द काउंटीच्या नावासोबत टाका. त्या काळात मतदाराला ‘इलेक्टर’च म्हणायचे, ‘फलाण्या काउंटीच्या स्वतंत्र इलेक्टर्सना’ अशी सुरुवात दिसली की समजायचं हे प्रचारपत्र आहे.

पक्षाच्या नावावरून फसायला होतं, तेव्हा सांगून ठेवते. त्या काळचे ‘रिपब्लिकन’ म्हणजे जेफरसन-मॅडिसनवाले, आजचा रिपब्लिकन पक्ष 1854 चा, त्यांचा थेट संबंध नाही. शिवाय लोकल तिकिटावर भलतीच नावं असतात. 1812 मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी फेडरलिस्टांनी ‘पीस’ म्हणजे शांततेचं तिकीट म्हणून लोक उभे केले. पेनसिल्व्हेनियात रिपब्लिकनांमधला मवाळ गट ‘क्विड’ म्हणून ओळखला जायचा, न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकनांचेच गट म्हणजे क्लिंटनवाले, बरवाले, लुइसवाले, नंतर बकटेल. नोटिशीत पक्षाचं नाव नसेल तर उमेदवारांची नावं घ्या आणि मागच्या दोन वर्षांत हीच माणसं कुठल्या यादीत होती ते बघा, माणसांवरून गट लगेच कळतो.

नोटीस हातात आली की काय बघायचं

काउंटी बैठकीची नोटीस बहुतेक वेळा एकाच साच्यात असते. अमक्या टॅव्हर्नमध्ये (दारू-जेवणाच्या खानावळीत) बैठक झाली, तमका अध्यक्ष झाला, तमका सेक्रेटरी, मग ठराव, मग उमेदवारांची यादी, मग शेवटी अध्यक्ष आणि सेक्रेटरीची सही. मला विचाराल तर उमेदवारांची यादी सगळ्यात शेवटी वाचा. आधी टॅव्हर्न कोणाचं ते बघा, कारण टॅव्हर्नवाला सहसा त्याच गटाचा असतो आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्याच जागी बैठका दिसतात. मग अध्यक्ष बघा. अध्यक्ष बऱ्याचदा वयस्कर, मान असलेला, पण स्वतः कशालाच उभा नसलेला माणूस, आणि धावपळीचं सगळं काम करणारा बहुतेक सेक्रेटरी, तरुण वकील किंवा प्रिंटर. हा सेक्रेटरी पाच-सहा वर्षांनी स्वतः उमेदवार झालेला दिसला तर आश्चर्य मानू नका.

‘बहुसंख्य आणि प्रतिष्ठित नागरिकांची बैठक’ असं जवळजवळ प्रत्येक नोटिशीत असतं, त्यावर एक पैशाचा विश्वास ठेवायचा नाही. आकडा दिलेला नसेल तर कमिटीतली नावं मोजा आणि ती कुठल्या टाउनशिपची (काउंटीतल्या छोट्या विभागाची) आहेत ते नकाशावर टाका. सगळी नावं कोर्टहाऊसच्या आजूबाजूची असतील तर ती काउंटीची बैठक नाहीच, ती गावातल्या मूठभर लोकांची बैठक आहे, आणि लांबच्या टाउनशिपवाले थोड्याच दिवसांत दुसरी बैठक घेऊन दुसरी यादी काढण्याची शक्यता आहे, तेव्हा पुढचे अंक नीट बघा.

याच तक्रारीतून डेलिगेटची पद्धत आली. म्हणजे प्रत्येक टाउनशिपने आधी आपली बैठक घ्यायची, दोन-तीन डेलिगेट निवडायचे, आणि त्या डेलिगेटांनी काउंटीच्या ठिकाणी जमून तिकीट ठरवायचं. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर या पट्ट्यात हे लवकर रुजलं, डेलावेअरमध्ये टाउनशिपऐवजी ‘हंड्रेड’ नावाचे विभाग असायचे. आणि मतदारसंघ दोन-तीन काउंट्यांचा असेल, जसा काँग्रेसचा किंवा राज्याच्या सिनेटचा, तर पेनसिल्व्हेनियात प्रत्येक काउंटी आपले ‘कॉन्फरी’ पाठवायची आणि ते एकत्र बसून नाव ठरवायचे. या ठिकाणी भांडण बहुतेक वेळा माणसाचं नसतं, ‘मागच्या वेळी तुमच्या काउंटीचा होता, आता आमची पाळी’ असं असतं. कॉन्फरींची बैठक मोडली अशी बातमी दिसली की आधी पाळी कोणाची होती ते तपासा, तत्त्वांचं भांडण शोधायला नंतर जा.

शेवटी ‘दक्षता कमिटी’ची यादी असते, प्रत्येक टाउनशिपमधले चार-पाच लोक, यांचं काम मतदानाच्या दिवशी आपल्या लोकांना आणायचं आणि तिकिटं वाटायची. बहुतेक वाचक ही यादी सोडून देतात, मी तर आधी तीच कॉपी करून ठेवते, कारण पक्षाचे कार्यकर्ते म्हणून छापील नावं दुसरीकडे क्वचितच सापडतात.

नोटीसच सापडली नाही तर

मग उमेदवारी एकतर बंद खोलीत ठरली किंवा ठरवायची गरजच पडली नाही. बंद खोलीचं जुनं आणि उत्तम वर्णन जॉन अ‍ॅडम्सच्या फेब्रुवारी 1763 च्या डायरीत आहे. बॉस्टनमध्ये टॉम डॉझच्या घराच्या माळ्यावर कॉकस क्लब जमतो, तंबाखूचा धूर इतका की माळ्याच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही, आणि तिथे सिलेक्टमन (गावाचा कारभार बघणारे), कर वसूल करणारे, आग विझवणाऱ्यांचे वॉर्डन, प्रतिनिधी असे सगळे ‘गावाने निवडायच्या आधीच निवडले जातात’. हे क्रांतीच्या आधीचं आहे हे लक्षात घ्या. हॅमिल्टन तेव्हा कॅरिबियनमध्ये लहान मुलगा होता.

कनेक्टिकटमध्ये तर उमेदवारी सरकारी प्रक्रियेतच होती. वरच्या सभागृहाच्या 12 जागांसाठी सप्टेंबरमध्ये फ्रीमन, म्हणजे मताचा हक्क असलेले लोक, नावं सुचवायचे, सर्वाधिक मतांची 20 नावं छापली जायची आणि वसंतात त्यातून 12 निवडायचे, यादीत आधीपासून बसलेले वर, त्यामुळे बसलेला माणूस क्वचितच पडायचा. 1801 मध्ये फेडरलिस्टांनी अजून एक कायदा केला की नावं सुचवताना मत उभं राहून किंवा हात वर करून द्यायचं. म्हणजे पाद्री, मॅजिस्ट्रेट आणि ज्याचं कर्ज आहे तो सावकार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रिपब्लिकन उमेदवार तिथे इतकी वर्षं का पडत राहिला हे समजून घ्यायला भाषणं वाचायची गरज नाही, हा कायदा पुरतो.

दक्षिणेत उमेदवार स्वतःच उभा राहायचा, पण ‘मला मत द्या’ म्हणणं कमीपणाचं मानायचे, पाजणं मात्र चालायचं. वॉशिंग्टन 1755 मध्ये फ्रेडरिक काउंटीत पडला होता, 1758 मध्ये तो लष्करी कामावर असताना मित्रांनी त्याच्या वतीने सुमारे 160 गॅलन रम, पंच, वाइन, बिअर वगैरे वाटलं आणि तो आरामात निवडून आला, वर त्याने पत्र लिहून काळजी व्यक्त केली की तुम्ही हात आखडता तर घेतला नाही ना. मॅडिसनने 1777 मध्ये दारू पाजायला नकार दिला आणि तो पडला. म्हणून व्हर्जिनियाच्या बाबतीत पेपरपेक्षा पत्रं आणि हिशेबाच्या वह्या जास्त बोलतात. 1789 च्या पहिल्या काँग्रेसच्या निवडणुकीत मॅडिसन विरुद्ध मन्रो हा सामना घ्या, ना पक्ष ना अधिवेशन, दोघं कडाक्याच्या थंडीत एकत्र फिरून लोकांसमोर वाद घालत होते, निकाल 1308 विरुद्ध 972. फाउंडर्स ऑनलाइनवर मॅडिसनची त्या महिन्यांची पत्रं वाचा, कुठल्या काउंटीत कोण आपल्याबद्दल काय अफवा पसरवतंय आणि कोणाला पत्र लिहून ती खोडायची, हाच त्यांचा विषय आहे.

कागदाचं तिकीट

तेव्हाचं तिकीट म्हणजे खराखुरा कागद, मतदाराने पेटीत टाकायचा. सरकार छापील मतपत्रिका देत नव्हतं, ती पद्धत 1880 च्या दशकाच्या शेवटी आली. त्यामुळे कागद कोण पुरवतो हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियाने 1788 मध्ये काँग्रेसच्या आठही जागा अख्ख्या राज्यातून एकत्र भरायच्या ठरवल्या, म्हणजे मतदाराने आठ नावं द्यायची. आठ नावं कोण पाठ करणार? लगेच दोन्ही बाजूंनी यादी काढली, घटनेच्या विरोधकांची सप्टेंबरमधल्या हॅरिसबर्गच्या बैठकीच्या जोरावर, समर्थकांची लँकेस्टरला, आणि त्यात जर्मन भाषिक मतदारांसाठी जर्मन नावं किती घालायची यावर खूप डोकं लढवलं गेलं.

1796 मध्ये तर त्याच राज्यात 15 इलेक्टर्सची नावं, आणि ती हाताने लिहायची. जॉन बेकली, जो काँग्रेसमध्ये क्लार्क होता, त्याने हजारो तिकिटं हाताने लिहून घेऊन काउंटी-काउंटीत घोड्यांवरून पाठवली. जेफरसनचे 15 पैकी 13 इलेक्टर निवडून आले (आणि सॅम्युअल माइल्स या फेडरलिस्ट इलेक्टरनेही जेफरसनला मत दिलं, म्हणून शेवटचा आकडा 14 आणि 1). मला कोणी विचारलं की अमेरिकेत पक्ष कधी जन्माला आला तर मी या कागदांकडे बोट दाखवेन. मॅसॅच्युसेट्समध्ये छापील मतपत्रिका ‘लेखी’ मानायची की नाही हा वाद 1830 मध्ये हेनशॉ विरुद्ध फॉस्टर या खटल्यात सुटला आणि छापील चालेल असं ठरलं, तिथून प्रिंटरचं महत्त्व अजूनच वाढलं.

कागद म्हटला की नावाचं स्पेलिंग आलं, आणि इथे थांबून नीट बघायला पाहिजे. 1815 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑन्टारिओ काउंटीत हेन्री फेलोज हा फेडरलिस्ट उमेदवार मतांवर जिंकला होता, पण पेनिंग्टन गावातल्या 49 कागदांवर ‘हेन. फेलोज’ असं संक्षेपात होतं, म्हणून क्लार्कने ती मतं धरली नाहीत आणि पीटर अ‍ॅलन या रिपब्लिकनला सर्टिफिकेट दिलं. असेंब्लीत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. रिपब्लिकनांनी अ‍ॅलनचं मत वापरून आधी कौन्सिल ऑफ अपॉइंटमेंट निवडून घेतली, म्हणजे राज्यभरातल्या नेमणुका कोणाच्या हातात जाणार ते ठरवून घेतलं, आणि त्यानंतर मान्य केलं की हो, जागा फेलोजचीच आहे. म्हणून डेटाबेसमध्ये एकाच माणसाची दोन-तीन स्पेलिंगं वेगवेगळी मोजलेली दिसली तर ती आपण होऊन एकत्र करू नका, आधी त्या वर्षी वाद झाला होता का ते पेपरात बघा.

सरावासाठी एक निवडणूक पूर्ण काढा

नवीन माणसाने न्यूयॉर्क शहराची 1800 च्या एप्रिलमधली असेंब्लीची निवडणूक घ्यावी, कारण साधनं भरपूर आणि परिणाम मोठा. प्रेसिडेंटचे इलेक्टर त्या राज्यात विधिमंडळ निवडायचं, म्हणजे शहरातल्या असेंब्लीच्या जागा ज्याच्या त्याची राज्यातली 12 मतं. रिपब्लिकनांचा पुढारी एरन बर याने आपली यादी दाबून ठेवली आणि हॅमिल्टनची यादी बाहेर येऊ दिली. फेडरलिस्टांची नावं फारशी माहितीतली नव्हती. मग बरने यादी काढली तर त्यात माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, साराटोगाचे जनरल होरेशियो गेट्स, सॅम्युअल ऑसगुड, ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंगस्टन. असेंब्लीच्या साध्या जागेसाठी एवढी माणसं! क्लिंटन तर तयारच नव्हता, शेवटी एवढंच कबूल केलं की माझं नाव वापरलंत तर मी जाहीरपणे नाकारणार नाही. बरच्या लोकांनी मतदारांच्या याद्या केल्या, कोण कुठल्या बाजूचा, कोण पैसे देईल, कोण काम करेल, आणि जर्मन बोलणाऱ्या वस्तीत जर्मन बोलणारे पाठवले.

मतदान 29 एप्रिल ते 1 मे. शहरातल्या सगळ्या जागा रिपब्लिकनांना. हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे ला पत्र लिहिलं की जुन्या विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवा आणि इलेक्टर निवडायचा नियमच बदला, जे ने त्या पत्रावर शेरा मारला की पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेली ही गोष्ट करणं मला शोभणार नाही, आणि पत्र बाजूला ठेवलं. देशाचा निकाल 73 विरुद्ध 65 होता, ती 12 मतं तिकडे गेली असती तर अ‍ॅडम्स पुन्हा प्रेसिडेंट. काढताना वॉर्डप्रमाणे आकडे काढा, दोन्ही याद्या शेजारी लिहा आणि प्रत्येक नावापुढे धंदा लिहा, बर काय करत होता ते त्या तक्त्यात दिसायला लागतं.

बैठक आणि आकडे, दोन्ही तपासा

उमेदवारीची बैठक शांतपणे झाली असं गृहीत धरू नका. 29 ऑक्टोबर 1835 ला न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलमध्ये डेमोक्रॅटांची बैठक होती, नॉमिनेटिंग कमिटीने ठरवलेल्या तिकिटावर लोकांकडून होकार घ्यायचा होता. पुढाऱ्यांची माणसं मागच्या जिन्याने आधीच आत, समोरचा दरवाजा उघडल्यावर बँकांच्या मक्तेदारीविरुद्धचा कामगारांचा गट आत घुसला, आरडाओरड्यात अध्यक्षाने ‘ठराव मंजूर’ म्हणून जाहीर केलं, पुढारी निघून गेले आणि जाताना गॅसचे दिवे बंद केले. त्या गटाने खिशातून मेणबत्त्या आणि ‘लोकोफोको’ नावाच्या काड्या काढल्या, उजेड केला आणि आपलं तिकीट मंजूर केलं. तेव्हापासून त्यांचं नावच लोकोफोको पडलं. मुद्दा असा की तोंडी होकारावर ‘एकमताने मंजूर’ असं छापलेलं असलं तरी खोलीत नक्की काय झालं ते विरुद्ध बाजूच्या पेपरातच सापडेल.

वरच्या पातळीवर हाच राग 1824 मध्ये निघाला. काँग्रेस सदस्यांचा कॉकस (पक्षाच्या सदस्यांची आपापसातली बैठक) प्रेसिडेंटचा उमेदवार ठरवायचा, त्या फेब्रुवारीत विल्यम क्रॉफर्डसाठी बोलावलेल्या कॉकसला 261 पैकी 66 जणच आले, आणि पद्धत तिथेच मेली. सप्टेंबर 1831 मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोरला पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरवलं. पण डेलिगेट निवडून पाठवायची सवय काउंटीत तोवर तीसेक वर्षं मुरलेली होती, राष्ट्रीय पक्षांनी ती फक्त उचलली.

निकालाचे आकडे बघताना हद्दी कोणी आखल्या ते बघा. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटला फेडरलिस्टांना 51766 आणि रिपब्लिकनांना 50164 मतं होती, जागा मात्र 11 आणि 29. याच्या मागे होता हद्दी पक्षाच्या सोयीने आखणारा, गव्हर्नर एल्ब्रिज गेरीच्या सहीचा कायदा आणि एसेक्स काउंटीतला तो वाकडातिकडा मतदारसंघ, ज्याचं चित्र 26 मार्चच्या बॉस्टन गॅझेटमध्ये आलं. गेरी स्वतः त्याच वर्षी पडला, कारण गव्हर्नरची मतं अख्ख्या राज्यातून मोजतात. मोजलेली मतं टाकूनही देतात, 1792 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत ऑट्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंट्यांची मतं मतपेट्या पोचवण्यातल्या तांत्रिक चुकांवरून रद्द केली आणि जॉर्ज क्लिंटन जॉन जे विरुद्ध 108 मतांनी ‘जिंकला’. म्हणून एकूण आकडा लिहिताना कुठली काउंटी गायब आहे हे बाजूला लिहून ठेवा.

आणि एका निवडणुकीवर थांबू नका, पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते शोधा. लिंकनचं उदाहरण घ्या, साधनं सहज मिळतात. मार्च 1832 मध्ये ‘सँगमो जर्नल’मध्ये त्याने स्वतःच स्वतःची उमेदवारी जाहीर केली, कुठली बैठक नाही, डेलिगेट नाही. 13 जणांत आठवा आला, पण त्याच्या न्यू सेलम केंद्रावर 300 पैकी 277 मतं त्याला. अकरा वर्षांनी त्याच जिल्ह्यात डेमोक्रॅटांच्या विरोधातल्या व्हिग पक्षाने अधिवेशनाची पद्धत घेतली होती, आणि स्वतः काउंटी बैठकीत काँग्रेसच्या उमेदवारीसाठी एडवर्ड बेकरकडून हरून लिंकनलाच बेकरचा डेलिगेट म्हणून पाठवलं. त्याने आपला मित्र जोशुआ स्पीडला लिहिलं, ज्याने आपली प्रेयसी पटवली त्याच्याच लग्नात करवला व्हावं लागावं तशी माझी गत झालीये. मे 1843 मध्ये पीकिनच्या अधिवेशनात तिकीट बेकरलाही मिळालं नाही, जॉन हार्डिनला मिळालं, आणि तिथेच लिंकनने ठराव मांडला की पुढच्या वेळी बेकर योग्य राहील. 1844 ला बेकर काँग्रेसवर निवडून गेला, 1846 ला लिंकन. या तीन निवडणुका पाठोपाठ काढून बघा, आधी पीकिनचा ठराव, मग पुढच्या दोन उमेदवाऱ्यांच्या नोटिसा, आणि त्यात हार्डिनने 1846 ला पुन्हा तिकीट मागितल्यावर लिंकनने लोकांना लिहिलेली पत्रं जरूर वाचा.